डाव्या हाताची खुर्ची

माझी मावशी अहल्या उजव्या हाताने जेवायची, उजव्या हाताने लिहायची, आम्हा पोरांच्या पाठीत धपाटाही उजव्याच हाताने घालायची. घड्याळं मात्र ती डाव्या हाताने जोडायची. असतात अशी माणसं, कोणी म्हणेल. असतात, पण मावशी तशी नव्हती. ती जन्मली उजव्या हाताची आणि भीतीपोटी डाव्या हाताची झाली. कोणी ‘देणगीच असावी लागते हो’ म्हणालं की माझं डोकं फिरतं, आणि ‘कष्टाने सगळं जमतं’ म्हणालं की आणखी फिरतं. दोन्ही वाक्यं ऐकली की मला मावशी आठवते.

आम्ही बेंगळूरचे भावसार. कॉटनपेटेत आजोबांचं, म्हणजे कृष्णाजींचं, शिवणाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि गिऱ्हाईक चिडलं की दोन्हींची खिचडी. आजोबांना दोन मुली. थोरली अहल्या, धाकटी नयना. नयना म्हणजे माझी आई. दोघींच्या तोंडवळ्यात इतकं साम्य की पाठमोऱ्या दिसल्या तर आजोबासुद्धा चुकीच्या नावाने हाक मारत.

हात मात्र जमीन-अस्मानाचे. आईने नवव्या वर्षी काजं करायला घेतली आणि दहाव्या वर्षी आजोबांपेक्षा सुबक केली. कोणी शिकवलं नाही. मावशीने तेच काम महिनाभर केलं, बोटं टोचून घेतली, तरी तिचं काज उंदराने कुरतडल्यासारखं दिसे. आजोबा म्हणत, “हिचा हात लाकडाचा. हात जन्माला घेऊन यावा लागतो, नंतर लावून मिळत नाही.” मावशीच्या देखत म्हणत. मावशी पुस्तक उघडे. पाठ करत करत, डोकं आपटत आपटत ती एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक, झाली. आईने सातवीतच शाळा सोडली, कारण तिला एका जागी अर्धा तास बसवत नसे.

आईच्या त्या गुणी हाताबद्दल एक गोष्ट घरात कोणी बोलत नसे. तो डावा हात होता. लहानपणी आजीने त्याला फडकं बांधून तिला उजव्या हाताने जेवायला लावलं आणि मास्तरांनी छडी मारून उजव्या हाताने लिहायला. सुई मात्र आजोबांनी तिच्या डाव्या हातातच राहू दिली, कारण शिवण सुंदर येई. फक्त तिने गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचं. लग्नाची चोळी डाव्या हाताने शिवलेली आहे हे कळलं तर बाई ती अंगाला लावायची नाही. वर्षानुवर्षं घराने तो हात असा लपवला की शेवटी घरच विसरून गेलं. पुढचं सगळं त्या विसरण्यातून झालं.

१९६१ साली आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकानाची फळी बंद झाली. त्याच वर्षी शहराच्या उत्तरेला निघालेल्या घड्याळाच्या कारखान्यात मुली घेणार असल्याची बातमी पेटेत आली. एसएसएलसी पाहिजे, आणि हात पाहिजे. मावशीने अर्ज केला, मुलाखत दिली, पास झाली. उरली हाताची परीक्षा. शंभर भोकांची एक पाटी, वाटीत पितळी टाचण्या, हातात चिमटा. तीन मिनिटांत जितक्या टाचण्या भोकांत उभ्या राहतील तितके गुण.

परीक्षेच्या सकाळी मावशीने स्वयंपाकघरातली चाळणी उपडी घातली आणि मोडक्या सुया चिमट्याने तिच्या भोकांत घालून पाहिल्या. शिंप्याच्या घरात मोडक्या सुयांना काय तोटा? तीन मिनिटांत एकोणीस झाल्या. दुसऱ्यांदा सतरा. मावशी रडायला लागली. आजोबा खाटेवरून म्हणाले, “नयनाला पाठव.”

“अण्णा, अर्ज माझ्या नावाचा हाय.”

“नाव काय हातावर गोंदलंय? सर्टिफिकेट तुझं, हात तिचा. दोघी माझ्याच.”

आई सोळा वर्षांची होती. तिला गंमत वाटली. मावशीचं हॉलतिकीट घेऊन, मावशीचं पातळ नेसून ती दोनशे मुलींच्या त्या दालनात जाऊन बसली आणि तीन मिनिटांत चौसष्ट टाचण्या उभ्या करून आली. बाकीच्या चाळीस-पंचेचाळिसावर होत्या. येताना तिने बसस्टँडवर भेळ खाल्ली. पंधरा दिवसांनी अहल्या कृष्णाजी या नावाने नेमणुकीचं पत्र आलं. सहा महिने शिकाऊ, नंतर काम बघून कायम.

पहिल्या दिवशी मावशी जोडणीच्या दालनात शिरली तीच घाबरत. तिथे धुळीची मनाई. दारातच चपला काढून कापडी जोडे घालायचे, त्यामुळे पन्नास माणसं चालली तरी आवाज नाही. लांब बाकांवर ओळीने खुर्च्या, प्रत्येकीच्या डाव्या बाजूला दिवा, उजव्या बाजूला चिमटे. शेवटून दुसरी जागा तेवढी उलटी होती. दिवा उजवीकडे, चिमटे डावीकडे. शिकवणारे साहेब त्रिविक्रम. पन्नाशीचे, हळू बोलणारे, काखेत कायम एक जाड रजिस्टर. ते त्या खुर्चीशी उभे राहून कन्नडमध्ये म्हणाले, “चौसष्टवाली अहल्या कोण? ये. तुझी जागा मी स्वतः मांडून घेतली आहे. डाव्या हाताची मुलगी आम्हाला एकच मिळाली.”

 आईचा हात डावा आहे हे तिला तेव्हा आठवलं. त्या घरात एकालाही त्याआधी आठवलं नव्हतं. तिचा उजवा हात चिमट्याकडे निघाला होता, तो तिने अर्ध्यावर थांबवला आणि पदर सारखा केला. मग डावा हात पुढे केला. आयुष्यात त्या हाताने तिने घागरसुद्धा धड उचलली नव्हती.

त्या दिवशी तिला एकही स्क्रू उचलता आला नाही. त्रिविक्रम मागे येऊन उभे राहिले. कापडी जोड्यांमुळे ते केव्हा आले हे कळायचं नाही, मानेवर माणूस असल्याचं जाणवायचं तेवढंच. त्यांनी विचारलं, “लिहितेस मात्र उजव्या हाताने?”

“शाळेत मास्तरांनी मारून सवय लावली, सर.” ती आईची गोष्ट होती. मावशीने ती आपली म्हणून सांगितली.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

आता मावशीला भीती कशाची होती ते नीट सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, नोकरी गेली असती, दुसरं काय? आजोबांनी नेमणुकीच्या कागदाखाली अंगठा दिला होता की सगळी माहिती खरी आहे. शेजारच्या वकिलाच्या कारकुनाने सहज बोलता बोलता सांगितलं होतं, असल्या तोतयेगिरीत पोलीस येतात, आणि बाप आणि दोन्ही पोरी तिघांनाही नेतात. खरं-खोटं देव जाणे. आईचं लग्न दावणगेऱ्याच्या घराण्यात ठरत आलं होतं. पोलीस एकदा दारात उभे राहिले असते तर लग्न मोडलं असतं. आंधळे होत चाललेले आजोबा, लग्न मोडलेली बहीण, आणि हे सगळं आपल्या डाव्या हातामुळे. मावशी हे रोज बसमध्ये बसून डोळ्यांसमोर बघे.

घरी येऊन तिने चाळणी काढली. “नयना, तू कसं करतीस ते दाखव गे.”

“चिमटा धरायचा, सुई उचलायची, सोडायची. त्यात काय दाखवायचं?”

“बोटं कशी धरतीस?”

“अय्यो अक्का, मी काय बघते होय बोटांकडे?”

आई लबाडी करत नव्हती. तिला खरंच सांगता येत नसे. ज्याला न शिकता येतं त्याला शिकवता येत नाही, हे मावशीला त्या आठवड्यात कळलं आणि तिला भयंकर राग आला. मग तिने आईला नुसतं सुया लावायला बसवलं आणि स्वतः समोर वही घेऊन बसली. आईची करंगळी बाकावर टेकलेली असते, तिने लिहिलं. आईची नजर उचललेल्या सुईवर नसते, पुढच्या भोकावर असते, तिने लिहिलं. सुई सोडताना आई श्वास सोडते. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशीने एकेक गोष्ट वेगळी काढली आणि डाव्या हाताला पाठ करायला लावली, एसएसएलसीचा इतिहास पाठ केला तशी. रोज संध्याकाळी दिवे लागल्यापासून जेवणाचं पान मांडेपर्यंत. मनगट सुजलं की हळदीचा लेप. आजोबा खाटेवरून म्हणत, “जमायचं नाही पोरी.” तेही घाबरलेलेच होते. अंगठा त्यांनी दिला होता.

पण कष्टाला एक शत्रू होता. मावशीच्या तळहाताला घाम यायचा, आणि भीती वाटली की जास्तच यायचा. घड्याळाच्या पोलादाला घामाचं बोट लागलं की चार दिवसांत तिथे गंज धरतो. दर शनिवारी त्रिविक्रम प्रत्येकीच्या आठवडाभराच्या कामाची डबी उघडून भिंगाने बघत. तुमकूरची एक मुलगी होती, हाताने चलाख, मावशीपेक्षा दुप्पट वेगाची. तिच्या डबीत तीन शनिवार लागोपाठ गंज निघाला. चौथ्या सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती. कोणी ओरडलं नाही, कोणी भांडलं नाही, नुसती खुर्ची रिकामी. ती भीती मावशीच्या हाडात शिरली. आता घाबरायचीसुद्धा चोरी, कारण घाबरलं की घाम, घामाचा गंज, आणि गंज डबीत सगळ्यांना दिसणार. ती सकाळ-संध्याकाळ तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायची. काम करताना मनातल्या मनात सुट्या भागांची नावं क्रमाने म्हणायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आणि परत पहिल्यापासून. नावं चालू राहिली की दुसरं काही मनात शिरायला जागा उरत नसे.

वैशाखात आईचं लग्न झालं. मावशी मांडवात हसली नाही. मुंडावळ्या बांधल्या तेव्हाही तिचं लक्ष दाराकडे होतं, कोणी खाकी कपड्यातलं येतं का बघत. अक्षता पडल्या तेव्हा तिला रडू फुटलं आणि लोकांना वाटलं, बहिणीवर किती माया!

जूनमध्ये सहा महिने भरले. त्रिविक्रमांनी तीच शंभर भोकांची पाटी आणून प्रत्येकीपुढे ठेवली. “भरतीच्या दिवशी कुठे होतात आणि आज कुठे आहात, बघू या.”  बाकीच्या मुलींचे आकडे वाढणार हे उघड होतं. तिला चौसष्टच्या पुढे जायचं होतं, आणि घरी चाळणीवर तिचा हात अठ्ठावन्नच्या वर कधी गेला नव्हता. तीन मिनिटं झाली. त्रिविक्रमांनी मोजल्या. एकसष्ट.

सहा महिन्यांपूर्वी ज्या हाताला घागर पेलत नव्हती त्या हाताने एकसष्ट टाचण्या उभ्या केल्या होत्या. जगातल्या कुठल्याही न्यायाने तिची पाठ थोपटायला हवी होती. त्रिविक्रम रजिस्टरात बघून म्हणाले, “तीन कमी. सगळ्या वाढल्या, तू तेवढी घटलीस. का?”

“भीती वाटली, सर,” मावशी म्हणाली. कारखान्यात बोललेलं ते तिचं पहिलं खरं वाक्य.

त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग रजिस्टरात दोन ओळी लिहून त्यांनी ते मिटलं. महिन्याभराने ती कायम झाली. पण त्या दोन ओळींत काय आहे हे तिला कळलं नाही, आणि रजिस्टर रोज तिच्या समोरून काखेतून जात राहिलं. एखाद्या दिवशी वरच्या साहेबाने ते उघडलं तर? नव्या मुली आल्या की बाकावरच्या जुन्या मुली त्यांना ‘आमच्या अहल्येचे भरतीच्याच परीक्षेत चौसष्ट होते’ म्हणून सांगत, आणि दर वेळी मावशीच्या तळव्याला घाम सुटे. तिच्यासाठी दोन स्थळं आली, तिने दोन्ही परतवली. लग्नानंतर नवऱ्याला सांगावं लागेल, आणि सांगितलं की गोष्ट घराबाहेर जाईल, ही भीती. तिचा हात मात्र सुधारतच गेला. तिसऱ्या वर्षी सत्तर, पाचव्या वर्षी बहात्तर. सगळ्यात नाजूक स्प्रिंग बसवायचं काम तिच्याकडे आलं.

कारखान्यात आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, घरच्यांना आत येऊ देत. इतरांची पोरंबाळं नटून येत. मावशीकडचं कोणी येत नसे, कारण आईला तिने बजावलं होतं, कारखान्याच्या वाटेला जायचं नाही. आई दावणगेऱ्याहून दसऱ्याला माहेरी आली की नवमीला घरात बसे. १९६८ साली मात्र मी पाच वर्षांची झाले होते आणि मला मावशीचा कारखाना बघायचाच होता. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, “सात वर्षं झाली अक्का, कोण ओळखतंय मला? लेकराला दाखवून आणते.” मावशी नको नको म्हणत राहिली आणि शेवटी आमच्यासोबत बसमध्ये बसली.

त्या दिवशीचं मला स्वतःला आठवतं. यंत्रांना झेंडूच्या माळा. दारात फोडलेला कोहळा, त्यावर कुंकू. एका टेबलावर चिमटे, भिंगं आणि रजिस्टरं रचून त्यांना हळद-कुंकू वाहिलेलं. चुरमुरे-डाळं आणि केळं हातात मिळालं. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका बाकावर ती शंभर भोकांची पाटी ठेवली होती. ज्याला वाटेल त्याने बसावं, एक बाबा घड्याळ धरून वेळ लावत होते. ते त्रिविक्रम. तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते.

मी हट्ट धरला, “आई, तू बस.” आई बसली. तिला ती पाटी बघून आनंदच झाला असावा. सात वर्षांत तिला कोणी कशात पहिलं म्हटलं नव्हतं. तिने चिमटा डाव्या हातात घेतला. मावशी तीन खुर्च्या पलीकडे केळ्याची सालं गोळा करत होती. ती वळली आणि तिने बघितलं.

वेळ संपली. त्रिविक्रमांनी मोजल्या. त्रेचाळीस.

आईचं तोंड उतरलं. सासरी सहा वर्षं भाकऱ्या थापून आणि धुणी धुऊन तो हात जड झाला होता, पण हे तिला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. भोवती चार बायका उभ्या होत्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती मोठ्याने म्हणाली, “सवय गेली हो. त्या दिवशी चौसष्ट केले होते मी!”

मावशीच्या हातातली सालं खाली पडली. मी तिच्याकडे धावले, तर तिने माझा हात एवढा घट्ट धरला की मी ओरडले. आईला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने तोंडावर पदर दाबला.

 त्रिविक्रम पूजेच्या टेबलाकडे गेले, रजिस्टरांच्या थप्पीतलं तळाचं ओढून काढलं. वरचं कुंकू सांडलं. मावशी मला नंतर म्हणाली, तिला त्या वेळी आजोबा अंगठा देताना दिसत होते. त्रिविक्रम रजिस्टर घेऊन आले, पान काढलं आणि तिच्यापुढे धरलं. कन्नडमध्ये दोन ओळी होत्या. ‘भरतीच्या परीक्षेचा आकडा धरू नये. एकसष्ट हे या मुलीचे स्वतःचे आहेत, कायम करावे.’ खाली तारीख, जून १९६२ ची.

मावशीने ते दोनदा वाचलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं, सर?”

“पहिल्या आठवड्यात कळलं. डब्याचं झाकण तू उजव्या हाताने फिरवून काढतेस. डावखुरी बाई झाकण तसं फिरवत नाही. पुढे तुझा हात बघितला आणि विषय सोडून दिला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

त्यांना प्रश्नच समजला नसावा. “काय सांगायचं? काम चांगलं चाललं होतं.” मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. “उद्यापासून हवं तर उजव्या हाताच्या जागेवर बस. मी जागा बदलून देतो.”

परतीच्या बसमध्ये आई रडत होती, अक्का मला माफ कर म्हणत होती. मावशी रडली नाही. खिडकीबाहेर बघत होती आणि माझा हात तिने सोडला नव्हता. तिचा तळवा ओलाचिंब होता. कॉटनपेट येईपर्यंत तो वाळला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी मावशी लवकर गेली आणि रिकाम्या दालनात उजव्या हाताच्या एका खुर्चीवर बसली. दिवा डावीकडे, चिमटा उजवीकडे. तिने पाटी पुढे ओढून टाचणी उचलली, ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तीन मिनिटांत तिच्या अठरा झाल्या. भोंगा झाला तशी ती उठली आणि आपल्या उलट्या खुर्चीवर जाऊन बसली. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती.

मी कॉलेजात गेल्यावर एकदा फार शहाणपणाने तिला म्हटलं, “मावशी, एक प्रकारे बरंच झालं म्हणायचं. एवढी भीती नसती तर तू एवढं शिकली असतीस का?”

मावशी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा रागाने बघितलं की मी दचकले.

“शिकले असते की,” ती म्हणाली. “उजव्या हाताने शिकले असते.”